ना मार्शल, ना माईक, ना स्टुडिओ. तरी अमरावती-अकोल्याच्या खोलीत गिटारचा दणदणीत आवाज रेकॉर्ड होतो, तो कसा?

मे महिना. अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे. अमरावतीतही फार वेगळी परिस्थिती नाही. दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही आणि प्रत्येक घराच्या खिडकीत डेझर्ट कूलर घरघरत असतो. पंखा, पाण्याची मोटर, वाळ्याच्या ताटीवरून टपटपणारं पाणी, सगळं एकदम.

आता अशा खोलीत एखाद्या पोराला गाणं रेकॉर्ड करायचंय. कूलर सुरू ठेवला तर गाण्यात कूलर येतो आणि बंद केला तर पोरगा शिजतो. वऱ्हाडात घरी बसून संगीत करणाऱ्या कुणालाही विचारा, एप्रिल ते जून रेकॉर्डिंग रात्री दोननंतरच होतं.

पण एक वाद्य या भानगडीतून सुटतं. इलेक्ट्रिक गिटार.

कारण इलेक्ट्रिक गिटारला माईक लागतच नाही. तारांखाली पिकअप असतो. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याच्याभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. स्टीलची तार थरथरली की त्या गुंडाळीत वीज तयार होते आणि ती केबलमधून बाहेर पडते. कूलर कितीही ओरडला तरी पिकअपला त्याचं काही पडलेलं नसतं. त्याला फक्त तार कळते.

म्हणजे गिटार थेट लॅपटॉपला जोडायची आणि वाजवायची, झालं काम?

इथेच बहुतेकांचा हिरमोड होतो. यूट्यूबवर ऐकलेला तो भरदार, गुरगुरणारा आवाज डोक्यात असतो आणि हेडफोनमध्ये येतो तुणतुण्यासारखा किरकिरा, कोरडा आवाज. मग पोराला वाटतं, गिटार स्वस्तातली आहे म्हणून असं होतंय. किंवा त्याहून वाईट, आपल्या हातातच दम नाही. कितीतरी गिटारी याच टप्प्यावर कपाटावर गेल्या आहेत किंवा ओएलएक्सवर विकल्या गेल्या आहेत. खरं तर त्यात गिटारची चूक नाही आणि हाताचीही नाही.

इलेक्ट्रिक गिटार हे अर्धंच वाद्य आहे. उरलेलं अर्धं वाद्य म्हणजे अॅम्प्लिफायर आणि त्याचा स्पीकर.

आहुजाच्या अॅम्प्लिफायरला गिटार लावली तर कानाला का बोचते?

गणपती मंडळाच्या स्टेजवर कधीतरी हा प्रयोग झालेला असतो. ऑर्केस्ट्रावाल्याचा गिटार अॅम्प आलेला नसतो, मग मंडपवाला म्हणतो, लावा आपल्या आहुजालाच. गिटारला डिस्टॉर्शनचा पेडल लावलेला असतो आणि पहिल्याच कॉर्डला पुढची रांग कानावर हात ठेवते. मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखा आवाज. कुणीतरी ओरडतं, "भाऊ, आवाज फाटून रायला!"

आहुजाची यात काही चूक नाही. भाषण आणि भजन स्वच्छ ऐकू जावं यासाठी ती व्यवस्था असते. तिचे स्पीकर आणि हॉर्न बारीक, उंच आवाजही इमानदारीने बाहेर टाकतात. गिटारचा स्पीकर याच्या बरोबर उलटा. साधारण १२ इंचांचा कागदी कोन, त्याला ट्विटर नाही. ५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज तो झपाट्याने गिळून टाकतो. गिटारचा आवाज फाटला की जी टोचणारी किरकिर तयार होते, ती नेमकी याच वरच्या भागात असते. म्हणजे स्पीकर चाळणीचं काम करतो. चाळणी काढली की खडे ताटात.

हा मुद्दा इथेच पक्का लक्षात ठेवायला हवा, कारण पुढच्या सगळ्या सेटिंगमधली निम्मी गडबड याच चाळणीपाशी होते.

दुसरा भाग अॅम्पचा. जिम मार्शल हा लंडनच्या हॅनवेल भागात ड्रमचं दुकान चालवणारा माणूस. १९६२ च्या सुमारास त्याने आणि त्याच्या कारागिरांनी अमेरिकेच्या फेंडर बेसमन अॅम्पचं सर्किट समोर ठेवून स्वतःचा अॅम्प बनवला. त्यात व्हॉल्व्ह होते, जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे. व्हॉल्व्हला झेपेल त्यापेक्षा जास्त सिग्नल दिला की तो सिग्नलची टोकं गोलसर दाबतो आणि त्यातून नवे स्वर जन्माला येतात. आपण ज्याला रॉक गिटारचा आवाज म्हणतो, तो मुळात एका यंत्राची झालेली दमछाक आहे.

लोकांनी तर यासाठी स्पीकरही फाडले. अमेरिकेत लिंक रे याने १९५८ मध्ये स्पीकरला भोकं पाडून रेकॉर्डिंग केलं. इंग्लंडमध्ये किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने १९६४ मध्ये ब्लेडने कोन चिरला.

अडचण अशी की व्हॉल्व्ह अॅम्पची ही दमछाक व्हायला त्याला जोरात वाजवावं लागतं. १०० वॉटचा अॅम्प रंगात येईपर्यंत राजापेठेतल्या घरमालकाने सामान बाहेर काढलेलं असतं. वर अॅम्पची किंमत, मग माईक, मग माईक लावायला शांत खोली. मुंबई-पुण्यात तासाच्या भाड्याने अशा खोल्या मिळतात. पण अकोल्याहून पुण्याला जाऊन तासाच्या हिशोबाने गिटार वाजवणं म्हणजे प्रत्येक चुकीला मीटर पडणं.

मग या दोन्ही गोष्टींचं, म्हणजे अॅम्प आणि स्पीकरचं, सोंग आणायचं. यालाच सिम्युलेशन म्हणतात.

हा प्रयत्न आजचा नाही. बोस्टन बँडचा टॉम शोल्झ हा स्वतः इंजिनिअर. त्याने १९८२ मध्ये रॉकमन नावाचा कमरेला लावायचा हेडफोन अॅम्प आणला. १९८९ मध्ये सॅन्सअॅम्प आला. १९९८ मध्ये लाइन सिक्स कंपनीचा लाल, राजम्याच्या आकाराचा पॉड आला आणि त्याने घरगुती रेकॉर्डिंगवाल्यांना वेड लावलं. २००२ मध्ये इटलीच्या आयके मल्टिमीडियाने अॅम्पलिट्यूब, २००४ मध्ये नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सने गिटार रिग आणलं आणि अॅम्प हे कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर झालं. आज फिनलंडच्या न्यूरल डीएसपीसारख्या कंपन्यांचे प्लगइन मोठमोठे बँड वापरतात.

आणि हे फक्त परदेशात नाही. दिल्लीच्या केशव धरने स्कायहार्बर हा प्रोजेक्ट घरच्या घरी रेकॉर्डिंग करूनच सुरू केला होता. २०१२ मध्ये त्यांचा पहिला अल्बम ब्रिटनच्या बेसिक रेकॉर्ड्सने काढला.

पंचबोल पॉइंटवर टाळी वाजवली तर

अॅम्पचं आणि स्पीकरचं सोंग वेगवेगळ्या पद्धतीने आणलं जातं. स्पीकरचं समजायला सोपं आहे आणि त्यासाठी चिखलदऱ्याला जावं लागेल.

अमरावती जिल्ह्यातल्या या थंड हवेच्या ठिकाणी पंचबोल पॉइंट आहे. तिथल्या दरीत आवाज दिला की तो पाच वेळा परत येतो, असं सांगतात. समजा तिथे कुणी एकच कडक टाळी वाजवली आणि परत आलेला सगळा आवाज रेकॉर्ड करून घेतला. आता त्या रेकॉर्डिंगमध्ये दरीचा स्वभाव उतरला. कोणता आवाज किती वेळाने येतो, कोणता दबतो, कोणता घुमतो. हाच स्वभाव गणिताने दुसऱ्या कोणत्याही आवाजाला लावता येतो. घरी बसून बासरी वाजवायची आणि ती पंचबोलला वाजतेय असं ऐकवायचं.

स्पीकरबाबतीत हेच करतात. कॅबिनेटसमोर माईक लावतात, स्पीकरमधून एक चाचणीचा आवाज सोडतात आणि त्यातून काही मिलिसेकंदांची एक छोटी फाइल तयार होते. तिला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात, बोलताना सगळे आयआर म्हणतात. साधी वेव्ह फाइल असते. त्या फाइलमध्ये स्पीकर, लाकडी खोकं, माईक आणि माईकची जागा, असं सगळं एकत्र गोठलेलं असतं. इंग्लंडच्या सेलेस्टियन कंपनीचे व्हिंटेज थर्टी किंवा ग्रीनबॅक स्पीकर आणि समोर श्युअर कंपनीचा एसएम ५७ माईक, ही जोडी बहुतेक आयआर संचांत सापडतेच.

माईक कोनाच्या मध्यभागी असेल तर आवाज टोकदार, कडेकडे सरकवला तर मऊ. म्हणून एकाच स्पीकरच्या २०-२० फाइल्स असतात. प्लगइनचा अॅम्प बदलत बसण्यापेक्षा आयआर बदलल्याने आवाजात जास्त फरक पडतो. गंमत म्हणजे नवीन माणूस नेमकं उलट करतो. अॅम्पची १०-१२ बटणं तासभर फिरवतो आणि कॅबिनेटकडे बघतही नाही.

पण ही टाळीची युक्ती अॅम्पला चालत नाही. दरी हळू टाळीला आणि जोरात टाळीला सारखीच वागते, फक्त आवाज कमी-जास्त होतो. व्हॉल्व्ह अॅम्प तसा नाही. हळू छेडलं तर स्वच्छ, जोरात छेडलं तर गुरगुरणार. हा मूड एका टाळीत पकडता येत नाही. त्यामुळे अॅम्पसाठी एकतर सर्किटमधल्या एकेका भागाचं गणित मांडतात किंवा खऱ्या अॅम्पमध्ये आवाज पाठवून, आत काय गेलं आणि बाहेर काय आलं, यावरून न्यूरल नेटवर्कला अॅम्पची नक्कल शिकवतात.

आता प्रत्यक्ष जोडणी

सगळ्यात आधी ऑडिओ इंटरफेस लागतो. बाजारात त्याला साऊंड कार्डच म्हणतात. फोकसराइट, बेहरिंगर वगैरे कंपन्यांचे छोटे मॉडेल काही हजारांत मिळतात. लॅपटॉपच्या माईकच्या भोकात कन्व्हर्टर लावून गिटार खुपसणं हा जुगाड आहे, त्यातून निघणारा आवाजही जुगाडासारखाच असतो.

इंटरफेसवर गिटारचा पी-३८ जॅक लावला की शेजारचं 'इन्स्ट' किंवा 'हाय-झेड' लिहिलेलं बटण दाबायचं. हे बटण विसरणारे खूप आहेत आणि मग "आवाज दबलेला येतो" अशी तक्रार असते. कारण सोपं आहे. नगरपालिकेच्या नळाला कुणी टिल्लू पंप लावून पाणी ओढलं की पुढच्या घराचं प्रेशर जातं. गिटारचा पिकअप हा तसाच कमी दाबाचा नळ आहे. लाइन इनपुट त्याच्यातून जास्त ओढतं आणि आवाजातली वरची चमक जाते. इन्स्ट्रुमेंट इनपुटचा अडथळा साधारण १० लाख ओहमचा असतो. ते पिकअपकडून जवळपास काहीच ओढत नाही, फक्त ऐकतं.

मग गेन. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण उघडायचा, जितक्या जोरात गाण्यात वाजवणार तितक्या जोरात वाजवायचं आणि मीटरचं टोक उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहील इतकाच गेन ठेवायचा. लाल दिवा लागता कामा नये. अॅम्पचं फाटणं गोड असतं, इंटरफेसचं फाटणं नाही, ते नंतर कुठल्याही प्लगइनने दुरुस्त होत नाही. २४ बिटवर रेकॉर्डिंग केलं तर थोडा कमी गेन चालतो. दुसरी गोष्ट, प्लगइनमधला अॅम्प खऱ्या अॅम्पसारखाच आत येणाऱ्या जोरावर वागतो. जास्त सिग्नल गेला तर क्लीन अॅम्पही घोगरा होतो. तसं झालं तर अॅम्पचं गेन बटण शोधण्याआधी प्लगइनचा इनपुट कमी करून बघायचा.

रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर कोणतंही चालतं. कमी ताकदीच्या लॅपटॉपसाठी रीपर बरं. ६० दिवस मोफत वापरून बघता येतं आणि घरगुती वापराचं लायसन्स ६० डॉलरला आहे. ज्यांनी सायबर कॅफेत विनअॅम्पवर गाणी ऐकली असतील त्यांच्यासाठी एक माहिती. विनअॅम्प बनवणारा जस्टिन फ्रँकेल हाच रीपरचाही बाप आहे.

विंडोजवर इंटरफेससोबत आलेला असिओ ड्रायव्हर निवडणं गरजेचं आहे. नाहीतर तार छेडल्यावर आवाज कानात यायला इतका उशीर होतो की ताल धरणं अशक्य. हा उशीर बफरवर ठरतो. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.३ आणि १०२४ म्हणजे तब्बल २१. जाताना आणि येताना दोन्हीकडे तो लागतो, म्हणजे किमान दुप्पट धरायचा. हवेत आवाजाला एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे एकूण १० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे अॅम्पपासून तीनेक मीटरवर उभं राहून वाजवल्यासारखं. ते चालतं. ४० मिलिसेकंद म्हणजे अॅम्प रस्त्याच्या पलीकडे ठेवल्यासारखं. वाजवताना बफर १२८ ठेवायचा, मिक्सिंगला बसल्यावर १०२४ केला तरी बिघडत नाही.

ट्रॅकवर प्लगइनचा क्रम असा लावतात. आधी ट्यूनर, मग नॉइज गेट, मग ओव्हरड्राइव्हसारखा पेडल हवा असेल तर तो, मग अॅम्प, मग कॅबिनेट म्हणजे आयआर, त्यानंतर ईक्यू आणि सगळ्यात शेवटी डिले-रिव्हर्ब. ईक्यूमध्ये ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापायचं, कारण ती जागा बेस आणि ड्रमची आहे. वर ८ ते १० किलोहर्ट्झच्या पुढचंही कापता येतं.

आता ती चाळणीची गडबड. काही प्लगइनमध्ये फक्त अॅम्प असतो, कॅबिनेट नसतं. त्याच्यापुढे आयआर लावला नाही की पुन्हा तेच मधमाश्यांचं मोहोळ. याच्या उलट, ज्या प्लगइनमध्ये कॅबिनेट आधीच सुरू आहे त्याच्यापुढे कुणीतरी यूट्यूब बघून आणखी एक आयआर लावतं. मग आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा येतो. दोन चाळण्या झाल्या. आवाज बोचतोय की गुदमरतोय, एवढं ऐकलं तरी कोणती चूक झाली ते ओळखता येतं. एक कॅबिनेट, एकदाच.

आणि गेन कमी. एकट्याने ऐकताना भरपूर डिस्टॉर्शन भारी वाटतं, पण गाण्यात ड्रम-बेस आले की त्याचा चिखल होतो. रॉक अल्बममध्ये जी गिटार भिंतीसारखी उभी राहते, ती बहुतेक वेळा कमी गेनवर दोनदा वाजवलेली असते. एक टेक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे. इथे कॉपी-पेस्ट चालत नाही. तोच टेक दोन्हीकडे टाकला तर आवाज फक्त मध्यभागी मोठा होतो. दोन वेगवेगळ्या वेळी वाजवल्यामुळे जो केसाइतका फरक पडतो, त्यातूनच रुंदी येते. याला प्लगइन नाही, रियाज आहे.

अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी

कूलरचा आवाज पिकअपला ऐकू येत नाही हे खरं, पण कूलरच्या मोटरचं चुंबकीय क्षेत्र मात्र त्याला बरोब्बर कळतं. आपली वीज ५० हर्ट्झची. तिची घूं-घूं आणि तिचे १००, १५० हर्ट्झचे भाऊबंद गिटारच्या खालच्या सुरांच्या अगदी शेजारी बसतात. क्लीन आवाजात ती जाणवत नाही. डिस्टॉर्शन लावलं की ती तारेच्या आवाजासोबत तितकीच मोठी होते.

सिंगल कॉइल पिकअपला हा त्रास जास्त. यावर उपाय म्हणून गिब्सन कंपनीत सेथ लव्हर या इंजिनिअरने १९५५ मध्ये हमबकर बनवला. दोन उलट्या गुंडाळ्या, ज्या एकमेकींची घूं-घूं मारतात. ज्यांच्याकडे सिंगल कॉइल आहे त्यांनी कूलर, चार्जर आणि ट्यूबलाइटपासून लांब बसून, गिटार हळूहळू फिरवत कमी आवाजाची दिशा शोधायची. वेडेपणा वाटतो, पण फरक पडतो.

तारांना बोट लावलं की घूं-घूं कमी होत असेल तर संशय अर्थिंगवर. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर वाजवून बघायचं. आवाज गेला तर चोर सापडला. वऱ्हाडात यात एक स्थानिक भर आहे. इथली काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि कोरड्या मातीतून वीज जमिनीत नीट उतरत नाही. म्हणून जुने इलेक्ट्रिशियन उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकायला सांगतात. अकोल्यात नळाला रोज पाणी येत नाही हे मान्य, पण ती एक बादली गिटारपेक्षा घरातल्या माणसांसाठी जास्त महत्त्वाची आहे. काही जण घूं-घूं घालवायला प्लगची तिसरी, अर्थची पिन काढून टाकतात. ते अजिबात करायचं नाही. तारा लोखंडी, हात घामेजलेले आणि शेजारी पाण्याचा कूलर, हे समीकरण जिवावर बेतू शकतं.

उन्हाचा आणखी एक बळी म्हणजे लॅपटॉप. खोलीतच चाळीशीच्या आसपास तापमान असलं की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि गाण्यात कट-कट, फट-फट आवाज यायला लागतात. लोक प्लगइनला शिव्या देतात. लॅपटॉप गादीवरून उचलून टेबलावर ठेवला, खालून हवा खेळू दिली आणि झालेले ट्रॅक फ्रीज केले तर तोच लॅपटॉप निमूट चालतो. बाकी लाईन गेली तरी टेन्शन नाही. यूएसबीवर चालणारा छोटा इंटरफेस लॅपटॉपच्याच बॅटरीवर चालतो. व्हॉल्व्ह अॅम्पवाला मात्र अंधारात बसून राहतो.

सगळ्यात कामाची सवय म्हणजे कोरडा ट्रॅक जपून ठेवणं. रीपरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये प्लगइनचा आवाज कानात येतो, पण साधारणपणे डिस्कवर रेकॉर्ड होते ती कोरी गिटार. त्यामुळे मे महिन्यात वाजवलेल्या टेकला दिवाळीत वेगळा अॅम्प लावता येतो. बडनेऱ्याच्या पोराने वाजवलेली कोरी फाइल अकोल्याच्या मित्राला पाठवली आणि त्याने त्याच्याकडचा अॅम्प लावून परत दिली, हेही सहज होतं.

क्रॅक केलेल्या प्लगइनबद्दल थोडक्यात. टेलिग्रामवर सगळं फुकट मिळतं हे सगळ्यांना माहीत आहे. पण अँटिव्हायरस बंद करायला लावणारी फाइल ज्या लॅपटॉपवर चालवणार, त्याच लॅपटॉपवर घरच्यांचं नेटबँकिंग आणि परीक्षेचे फॉर्म असतात. आणि आता त्याची गरजही उरलेली नाही. गिटार रिग आणि अॅम्पलिट्यूब या दोघांच्याही मोफत आवृत्त्या आहेत. इग्नाइट अॅम्प्सचा एमिसरी हा अॅम्प आणि त्यांचाच नादिर हा आयआर लोडर, दोन्ही फुकट आणि जड संगीतासाठी एकदम पक्के.

त्यातही सध्या सगळ्यात जास्त चर्चा आहे ती न्यूरल अॅम्प मॉडेलरची, म्हणजे नॅमची. स्टीव्हन अॅटकिन्सन या माणसाने तयार केलेलं हे सॉफ्टवेअर मोफत आणि ओपन सोर्स आहे. त्यात आयआर लोडरही आतच आहे. जगभरच्या लोकांनी आपापल्या अॅम्पच्या नकला करून इंटरनेटवर ठेवल्या आहेत, त्या उतरवायच्या आणि वाजवायच्या. नक्कल उतरवताना एवढंच बघायचं की ती फक्त अॅम्पची आहे की कॅबिनेटसकट, कारण पुन्हा तोच एक चाळणी-दोन चाळण्यांचा प्रश्न.

पण नॅमची खरी मजा उलट्या दिशेने आहे. स्वतःच्या अॅम्पची नक्कलही करता येते. काही मिनिटांची ठरलेली चाचणी फाइल अॅम्पमधून वाजवायची, बाहेर येणारा आवाज रेकॉर्ड करायचा आणि दोन्ही फाइल्स गुगल कोलॅबवर टाकून मॉडेल शिकवायचं. महागडं ग्राफिक्स कार्डही लागत नाही. वऱ्हाडातल्या जुन्या ऑर्केस्ट्रा पार्ट्यांकडे स्ट्रेंजरसारख्या देशी कंपन्यांचे अॅम्प पडून असतील, ज्यांचा आवाज इथल्या लोकांनी लग्नांत आणि गॅदरिंगमध्ये वर्षानुवर्षं ऐकला आहे. मार्शलच्या हजार नकला उपलब्ध आहेत, या अॅम्पच्या शोधाव्या लागतील. एखादी दुपार काढून तो अॅम्प पुसला, सुरू केला आणि ती फाइल वाजवली तर तो आवाज कायमचा जपला जातो. फक्त अॅम्प व्हॉल्व्हचा असेल तर स्पीकर किंवा लोड बॉक्स जोडल्याशिवाय तो सुरू करायचा नाही, नाहीतर नक्कल होण्याआधी ट्रान्सफॉर्मर जळायचा.